अधिक आश्विन

२०२० साली सर्वपित्री अमावास्या १७ सप्टेंबरला होती आणि घटस्थापना १७ ऑक्टोबरला. एरवी पितरांची पानं उचलली की लगेच घटाची माती आणि परडी शोधायची घाई असते. त्या वर्षी मध्ये अख्खा अधिक आश्विन आला. असा आश्विन आधी २००१ मध्ये आला होता, पुढचा २०३९ मध्ये येईल. पंचांगाचं हे गणित जुनं आहे, त्याचा करोनाच्या विषाणूशी काही संबंध नाही. तरीही शरदातला तो जादा महिना साथीच्या अवघड काळावर येऊन पडला. ११ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात, राज्यातल्या रुग्णांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. घट बसले तेव्हा रोजचे आकडे उतरणीला लागले होते. मधले दिवस घराघरांनी कसे काढले हे आलेखांत दिसत नाही, ते माणसांना विचारावं लागतं.

डोंबिवली पूर्वेतल्या एका घरात बसून मी ते विचारलं. घरच्यांची नावं इथे देत नाही, नात्यांची ओळख पुरेशी आहे. आजी, त्यांचा मोठा मुलगा, सून, अकरावीतली नात, पाचवीतला नातू. धाकटा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. मुलगी लग्न होऊन ठाण्यात. आजोबा त्या वर्षी घरात नव्हते. शिमग्याच्या पालखीसाठी मार्चमध्ये ते दापोली तालुक्यातल्या, आंजर्ल्याच्या बाजूच्या आपल्या गावी गेले, बंद घर उघडलं, माळा झाडला, आणि २५ मार्चपासून देशच बंद झाला तेव्हा तिथेच राहिले.

या घरानं त्या वर्षीचं कालनिर्णय टाकलेलं नाही. आजींना त्याच्या चौकटीत हिशेब लिहायची सवय. दूध कधी कमी घेतलं, सिलिंडर कधी लावला, इस्त्रीचे किती कपडे गेले. मार्चनंतर त्या चौकटींची भाषा बदलते. ‘पेपर बंद.’ ‘मावशी बंद.’ ‘भाजी गेटवर.’ पुढे ‘पेपर सुरू’. ३ जूनला एकच शब्द आहे, ‘वादळ’. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. आजोबांच्या घराची पुढच्या पडवीची कौलं उडाली. वीज गेली, फोनही गेला. त्यांचा आवाज ऐकू आला त्या दिवसाच्या चौकटीत आजींनी दुधाचा हिशेब लिहिलेला नाही.

त्या घरी श्रावणापर्यंत ठरत नव्हतं की गणपतीला गावी कोण जाणार. यांचा गणपती गावच्या घरात बसतो. मुंबई-ठाण्याच्या चाकरमान्यांसाठी त्या वर्षी नियम होता: १२ ऑगस्टच्या आत गावात पोहोचा आणि दहा दिवस वेगळे राहा. २२ ऑगस्टची चतुर्थी, म्हणजे बरोबर दहा दिवस आधी. मुलगा राष्ट्रीयीकृत बँकेत. त्याला जुलैपासून लोकलमध्ये चढायची मुभा मिळाली होती, त्याआधी तो पहाटे बसच्या रांगेत उभा राहायचा. दहा दिवस वेगळं राहायचं, मग सण, मग परत, एवढी रजा मिळणं शक्यच नव्हतं. मग इथेच एक लहान मूर्ती आणावी का? घरगुती मूर्तीला सरकारनं दोन फुटांची मर्यादा घातली होती, बाजारात वीतभर उंचीच्या सुंदर मूर्ती आल्या होत्या. आजींनी नकार दिला. घराण्याचा गणपती एक, तो गावात बसणार, आणि त्याच्याजवळ घरचा माणूस आहे.

तो माणूस चौऱ्याऐंशीचा, एकटा. चुलत पुतण्यानं मूर्ती आणून दिली, माटी सजवून दिली, आणि आजोबांनी तो गणपती केला. कोकणात आरतीला वाडी लोटते, एका घरातून दुसऱ्या घरात टाळ-मृदंग फिरतो, रात्री भजनाला चटया कमी पडतात. त्या वर्षी ज्यानं-त्यानं आपापल्या घरात आरती केली. डोंबिवलीत सगळे मोबाईलपुढे हात जोडून उभे. नेटवर्क तुटलं की चित्र थांबायचं, आवाज मागून यायचा, आणि टाळ्या एकमेकांत अडकायच्या. नात मला म्हणाली, तिला त्या पाच दिवसांतलं आठवतं ते आजोबांच्या मागे दिसणारं रिकामं माजघर. ते तसं रिकामं तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

लालबागच्या राजाची मूर्ती त्या वर्षी बसली नाही, मंडळानं रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा उत्सव केला, हे सगळ्यांनी वाचलं, कारण ते मोठं होतं. माजघरातल्या गर्दीचं काय झालं याची बातमी होत नाही. मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

*

पितृपक्षात प्रश्न आणखी अवघड झाला. आजींच्या सासूबाईंची तिथी अविधवा नवमीची. त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची, गुरुजी यायचे, पान वाढायचं. सोसायटीच्या फाटकावर पाटी होती की बाहेरच्यांना प्रवेश नाही. गुरुजी स्वतः साठी ओलांडलेले. त्यांनी फोनवरून संकल्प सांगितला, मुलानं केला. आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, वडे, खीर, सगळं झालं. पान वाढलं आणि समोर बसायला कुणी नव्हतं. कावळा मात्र ग्रिलवर वेळेवर आला. सवाष्णीची साडी आणि शिधा पिशवीत भरून समोरच्या दाराच्या कडीला अडकवला आणि फोन करून सांगितलं की पिशवी ठेवली आहे. समोरच्या वहिनींनी ती पिशवी घेतली, हात धुतले, आणि आपल्या दारातूनच वाकून नमस्कार केला. आजी आपल्या दारात उभ्या होत्या.

आपले सण घरात होतात, म्हणून ते घरापुरते असतात असं आपण धरून चालतो. त्या शरदात तसं नसल्याचं उघड झालं. प्रत्येक विधीत एक पाट बाहेरच्या माणसासाठी मांडलेला असतो. श्राद्धाला सवाष्ण आणि ब्राह्मण, अधिकाला जावई, नवरात्राला कुमारिका, भोंडल्याला शेजारच्या मुली, दसऱ्याला दार वाजवणारा कुणीही, भाऊबीजेला भाऊ. देवाला काय लागतं हे घरच्या घरी भागतं. हा पाट मात्र रिकामा राहिला की सगळी सिद्धता असूनही सण अडतो. साथीनं नेमका तोच पाट उचलून नेला होता. त्या दिवसांत सणांची रोषणाई कमी झाली म्हणून हळहळणारं लेखन पुष्कळ झालं. मला त्या घरातली खटपट पाहून वाटलं की त्यांना रोषणाईची फिकीर नव्हतीच. त्यांची सगळी बुद्धी चालत होती ती त्या पाटावर कुणाला, कसं बसवायचं यासाठी.

१५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. मुखपट्टी लावलेल्या दोन बायका जिना चढून दारोदार ताप आणि प्राणवायू मोजत फिरू लागल्या. घरकामाच्या मावशी सोडल्या तर त्या पंधरवड्यात या घराच्या दारात आलेलं बाहेरचं माणूस तेवढंच. आजींनी पाणी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. अधिकात दारी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही असं आजींचं म्हणणं. त्यांनी सुनेला वेष्टनातले राजगिऱ्याचे लाडू आणायला लावले. वेष्टन होतं म्हणून ते घेतले गेले.

*

आता अनारशांविषयी, कारण त्या महिन्यात या घराचा बराच वेळ त्यातच गेला. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तीस आणि तीन अनारसे, वर दिवा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, बारीक चाळणीनं चाळायचे, गूळ मिसळून मळून गोळे डब्यात मुरत ठेवायचे. मग खसखशीवर थापून तुपात एका बाजूनंच तळायचे. गूळ थोडा जास्त झाला तर अनारसं कढईत हसतं, म्हणजे पसरून त्याचा चुरा होतो. मावशी कामाला येत नव्हत्या तोवर हे सगळं करायला घरात वेळ नव्हता. त्या ऑगस्टमध्ये सोसायटीनं परवानगी दिल्यावर पुन्हा येऊ लागल्या होत्या. आधी धुणं-भांडी उरकून दोन घरं पुढे जायच्या, आता त्यांची बाकीची घरं सुटली होती. त्यांच्या नवऱ्याची रिक्षा कित्येक महिने उभी होती. या घरानं मधल्या काळाचा पगार दिला होता, तो त्या फाटकावर येऊन घेऊन जायच्या. सगळ्या घरांनी तो दिला नाही.

मावशी आल्या तरी आत कुठवर यायचं हे ठरलं नव्हतं. आजींना दमा. म्हणून मावशी मागच्या गॅलरीत भांडी घासायच्या आणि आजी आतून बोलायच्या. तांदूळ सावलीत कुठे पसरायचे यावर त्यांच्यात काचेआडून चर्चा व्हायची. पहिला घाणा हसला. सुनेनं थोडी कोरडी पिठी घालून पुन्हा मळलं. एका शनिवारी जावई ठाण्याहून गाडी घेऊन आले. जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास २ सप्टेंबरलाच गेला होता, आणि ठाणे-डोंबिवलीला तसा काही अडथळाही नव्हता, तरी जिना चढून वर यायचं की नाही हा प्रश्न होताच. आजींनी ताम्हणात अनारसे मांडले, मुलगी आणि जावई खाली उभे राहिले, सून आणि नातू ताम्हण घेऊन उतरले, आणि आजींनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अक्षता टाकल्या. त्या खालच्या गुलमोहरावर पडल्या. जावयांनी वर पाहून हात जोडले. मुलगी रडली, हे तिनंच मला सांगितलं.

त्याच महिन्यात सांगलीहून बातमी आली. आजींचा धाकटा भाऊ गेला. सप्टेंबरात सांगली-कोल्हापुराकडे साथीचा जोर मोठा होता. बारा दिवस तो रुग्णालयात होता. जायचा प्रश्नच नव्हता. माणूस गेलं की समाचाराला जायचं असतं. जाऊन नुसतं बसायचं, चहा घ्यायचा, उठायचं. आजींनी समाचार फोनवर घेतला. भावजयीला बोलवेना, यांनाही बोलवेना, दोघी बराच वेळ फोन धरून बसल्या. तीन दिवसांचं सुतक धरलं आणि चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा तांदूळ भिजत घातले, दुसऱ्या घाण्यासाठी. मुलगा म्हणाला, “आई, राहू दे ना आता.” त्या म्हणाल्या, “माझ्या हातांना काहीतरी हवंय.”

गावाहून आजोबा रोज रात्री फोन करायचे. आयपीएल दुबई-अबू धाबीत चालू होती, नातू फोनवर त्यांना धावसंख्या सांगायचा, त्यांच्याकडे टीव्हीची डिश वादळात गेली होती. भाऊ गेल्यानंतरच्या दिवसांत आजोबा आजींना आपल्या आईनं सांगितलेल्या मानमोडीच्या गोष्टी सांगू लागले. १९१८ ची ती साथ. मुंबईत ६ ऑक्टोबरला, ऐन नवरात्राच्या सुमारास, एका दिवसात ७६८ माणसं गेल्याची नोंद आहे. आजोबांच्या आईला आकडा ठाऊक नव्हता. तिला एवढंच आठवत होतं की त्या वर्षी वाडीत कुणी कुणाकडे सोनं द्यायला गेलं नाही, आणि पुढच्या वर्षी लोक दोन दोन वर्षांची पानं घेऊन गेले. हे ऐकून आजींना धीर आला असं त्या म्हणाल्या. कुणीतरी आधी यातून गेलं होतं आणि त्यांनी पुन्हा दारं उघडली होती.

*

नवरात्र साधं झालं. ऑक्टोबरच्या मध्यावर पश्चिम महाराष्ट्र आणि सोलापूरकडे अतिवृष्टी झाली, झेंडू भिजला आणि महागला. माळेला फुलं कमी, पानं जास्त. तुळजापूरला भाविकांना प्रवेश नव्हता. गरबा कुठेच नव्हता.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. पहिली भोंडल्याची. नातीनं आपल्या वर्गातल्या मुलींचा भोंडला व्हिडिओ कॉलवर केला. प्रत्येकीनं आपल्या घरात पाटावर हत्ती मांडला. फेर धरता येत नव्हता म्हणून ज्या-त्या खोलीत ती-ती गोल फिरली. अडचण खिरापतीची आली. भोंडल्यात झाकलेला डबा हलवून, वास घेऊन ओळखायचं असतं आत काय आहे. फोनमधून वास येत नाही. म्हणून मुलींनी आवाजावर ओळखायचं ठरवलं. कुणी चिवडा हलवला, कुणी करंजी वाजवली, आणि एकीनं शिरा आणला होता, त्याचा काहीच आवाज होईना. ओळखल्यावर खायची मात्र जिची तिनंच. नात म्हणाली की भोंडल्याचा तो भाग सगळ्यांत वाईट होता.

दुसरी गोष्ट सुनेची. महिलांना लोकलमध्ये प्रवेश द्यावा असं राज्य सरकारनं घटस्थापनेच्या वेळी म्हटलं होतं, प्रत्यक्षात तो २१ ऑक्टोबरपासून मिळाला. सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. मार्चपासून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून हिशेब तपासणारी ती बाई बुधवारी अकरानंतरच्या गाडीनं फोर्टात निघाली. नवरात्राच्या रंगांत तो बुधवार निळा. डब्यात जेमतेम वीस बायका होत्या आणि जवळजवळ सगळ्या निळ्यात. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तोंडं झाकलेली होती, पण मुंब्र्यापर्यंत सगळ्या बोलायला लागल्या होत्या. ती मला म्हणाली, घरात सात महिने सगळ्यांची काळजी घेतली, तिची चौकशी करणारं माणूस तिला त्या डब्यात भेटलं. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. तरी त्या घरातल्या पुरुषांनी ते वाचावं असं मला वाटतं.

एडिसनहून धाकटा मुलगा ३१ ऑक्टोबरला फोटो पाठवत होता. तिकडे हॅलोवीनला मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. त्यांच्या गल्लीत लोकांनी अंगणात टेबलं मांडून गोळ्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि स्वतः काचेमागे उभे होते. आजींनी फोटो पाहिला आणि विचारलं, “त्यांच्याकडेही दाराच्या कडीला पिशवी अडकवतात का?” पुढे नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंगला प्रवास करू नका असं तिकडच्या आरोग्य यंत्रणेनं सांगितलं. दरवर्षी त्या दिवशी त्याच्याकडे मराठी मित्रांची चार कुटुंबं जेवायला असतात. त्या वर्षी २६ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि कार्तिकी एकादशी एकत्र आली. त्यानं घरात साबुदाण्याची खिचडी केली आणि चार डबे भरून चार दारांत ठेवून आला.

*

आजोबा वसुबारसेच्या आदल्या दिवशी आले. एसटीच्या गाड्या सप्टेंबरपासून पूर्ण आसनांनी धावत होत्या, पुतण्यानं त्यांना दापोलीत गाडीत बसवलं. आठ महिन्यांनी आलेला माणूस, हातात कुळथाचं पीठ, आमसुलं, गावच्या तांदळाचे पोहे. नारळ नव्हते. दारात आजींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग त्यांना थेट मोरीत पाठवलं. पाच दिवस त्यांनी नातवाच्या खोलीत वेगळं राहायचं असं मुलानं ठरवलं होतं. पहिले दोन दिवस ते पाळलं गेलं.

दिवाळीची पहाट डोंबिवलीत फडके रोडची असते. अभ्यंगस्नान करून तरुण मुलं-मुली नवे कपडे घालून गणेश मंदिरात जातात आणि मग तो सगळा रस्ता भेटीगाठींनी भरून जातो. ज्यांना वर्षभर कुणी एकमेकांशी बोलू देत नाही तीही तिथे बोलतात. नातीचं ते पहिलं वर्ष असणार होतं, कॉलेजात गेल्यानंतरचं. १४ नोव्हेंबरला, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, राज्यातली सगळी देवळं बंदच होती. ती नवा ड्रेस घालून गच्चीवर गेली. शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांवरही मुली उभ्या होत्या. त्यांनी लांबून हात केले.

१५ तारीख भाकड. १६ ला पाडवा आणि भाऊबीज एकत्र, आणि त्याच दिवशी राज्यातली देवळं उघडली. सकाळी आजींनी आजोबांना ओवाळलं. आठ महिन्यांत त्यांचे केस मानेवर आले होते, गावचा न्हावी बंद होता आणि नंतर उघडला तरी ते गेले नव्हते. मुलगी ठाण्याहून आली, या खेपेस वर आली, आणि तिनं भावाला ओवाळलं. तिला आत येताना पाहून आजी स्वयंपाकघरात निघून गेल्या.

भाऊ नसेल तर बायका चंद्राला ओवाळतात. द्वितीयेची कोर सूर्य मावळल्यावर तासभरच दिसते, पश्चिमेला, अगदी खाली, आणि डोंबिवलीत पश्चिमेला इमारतीच आहेत. आजींना जिने चढवत नाहीत. मुलगा आणि जावई त्यांना खुर्चीत बसवून गच्चीवर घेऊन गेले. पाण्याच्या टाकीच्या बाजूला सरकल्यावर कोर दिसली. त्यांनी निरांजन ओवाळलं, सांगलीच्या भावजयीला तिथूनच फोन लावला, आणि या वेळी दोघी बोलल्या. भावजय म्हणाली की तिच्याकडे दिवाळी नाही, फराळ नाही. आजी म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात मुलगा येतो आहे सांगलीला, त्याच्याबरोबर डबा पाठवते. आणि खरंच, मुलगा कार्तिकीनंतर जाऊन आला, समाचार आणि फराळ एकाच खेपेत.

त्या रात्री मावशी आल्या, सुट्टी असूनही. त्यांच्या नवऱ्याची रिक्षा पुन्हा सुरू झाली होती. स्टीलच्या डब्यात करंज्या, चकल्या, शेव. मार्चपासून या घरात बाहेरचं शिजलेलं काही आलं नव्हतं. दुधाची पिशवीसुद्धा धुऊन घेतली जायची, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडायची. आजींनी मावशींना गॅलरीतून आत बोलावलं आणि पाटावर बसवलं. डबा उघडून एक चकली मोडली आणि तिथेच, हात न धुता, तोंडात टाकली. सून काही बोलली नाही. आजींच्या घरच्या चकल्या त्या वर्षी दगडासारख्या झाल्या होत्या. त्यांनी मावशींना भाजणीचं प्रमाण विचारलं, तेलाचं तापमान विचारलं, आणि शेवटी आपली एक चकली त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, “खरं सांग, काय चुकतंय?”

मावशींनी ती मोडायचा प्रयत्न केला, दाढेखाली धरली, थोडा विचार केला.

“मोहन कमी पडतंय तुमचं, आजी.”